हवं तेवढंच

11 ऑक्टोबर 2025, शनिवार

अतिवृष्टीच्या अनुदानासाठी सेनगावातल्या माझ्या दुकानात आलेल्यांची रांग दुपारी ओसरली, तेव्हा एक मुलगा लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसलेला दिसला. माझ्याकडेच एमएस-सीआयटी केलेला, आता चाकणला कंपनीत आहे. वडील श्रावणात गेले. 2022 मध्ये त्याने जुना आयफोन एक्सआर बदलून नवा फोन घेतला. जुना देण्याआधी आयट्यून्समधून लॅपटॉपवर त्याचा बॅकअप काढून ठेवला होता, नवा फोन मात्र कोराच सुरू केला. वडिलांचे धड फोटो आहेत ते त्या जुन्या फोनमधले. आवाजही असला तर त्यातच.

"सर, फोन लॅपटॉपला लावला की रिस्टोअर असं बटण येतंय. दाबू का?"

मी आधी केबल काढायला लावली. ते बटण दाबलं तर 2022 चा फोन जसाच्या तसा परत येईल, पण येईल तो नव्या फोनवर. त्यातले तीन वर्षांचे फोटो, मेसेज, लेकीच्या बारशाचे व्हिडिओ आधी पुसले जातील. फोन हरवला, फुटला, चोरीला गेला तर दुसरा फोन हुबेहूब पहिल्यासारखा उभा करायचा, यासाठी ॲपलने हा बॅकअप बनवलाय आणि त्या कामाला तो चोख आहे. मात्र त्यातून चार फोटो वेगळे उचलून द्यायची सोय त्यात ठेवलेलीच नाही. घ्यायचं तर सगळं घ्या. माझ्या टेबलापाशी येणाऱ्या माणसाला मात्र सगळं कधीच नको असतं. एखादा फोटो, एखादा आवाज, एखादा हिशेब, एवढ्यासाठी तो येतो.

त्याला विचारलं, जुन्या फोनवर आयक्लाउड फोटोज चालू होतं का? ते चालू असेल तर फोटो ढगात जातात आणि संगणकावरच्या बॅकअपमध्ये त्यांची प्रत घेतली जात नाही. नाही म्हणाला. फुकटातली 5 जीबी कधीच भरली होती, म्हणून बंदच ठेवलेलं. ऐकून बरं वाटलं. फोटो तिथे असायला हवेत.

12 ऑक्टोबर, रविवार

पहिलं काम नक्कल काढण्याचं. मूळ बॅकअपला हात लावायचा नाही, जे करायचं ते नकलेवर. हा माझा नियम आहे आणि तो मी गिऱ्हाइकालाही समोर बसवून समजावतो. आयट्यून्स एका फोनचा एकच बॅकअप ठेवतं आणि पुढचा घेताना त्याच्यावरच घेतं, त्यामुळे मूळ फोल्डर दुसरीकडे सुखरूप असलेला बरा.

विंडोजमध्ये तो सहज दिसत नाही. वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा हा लपवलेला फोल्डर, त्यात रोमिंग, मग ॲपल कॉम्प्युटर, मग मोबाइलसिंक, मग बॅकअप. आयट्यून्स मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून घेतलं असेल तर वाट थोडी वेगळी पडते. तिथे 00008020 पासून सुरू होणाऱ्या नावाचा एकच फोल्डर होता. एक्सआरचा क्रमांक असाच सुरू होतो, म्हणजे फोन तोच.

आत गेलं की नवखा माणूस हबकतो. 00 पासून ff पर्यंत दोनदोन अक्षरांचे 256 फोल्डर आणि त्यांत चाळीस-चाळीस अक्षरांच्या नावांच्या फायली. ना जेपीजी, ना एमपीथ्री, नावाला शेपूटच नाही. मुलगा बघत राहिला. "सर, खराब झालाय का हो?" खराब काही नाही. फोनमधली प्रत्येक फाइल कुठल्या खात्यातली आणि तिचा पूर्ण पत्ता काय, हे जोडून त्याचं गणिताने एक लांबलचक नाव केलेलं असतं. पत्ता तोच असेल तर नावही तेच. म्हणून कुठल्याही आयफोनच्या अशा बॅकअपमध्ये मेसेजची फाइल 3d0d7e5f नेच सुरू होते, मग फोन सेनगावचा असो की सॅन फ्रान्सिस्कोचा. कुठल्या नावामागे कुठली फाइल, याची वही मॅनिफेस्ट डॉट डीबी या एका फाइलमध्ये आहे. ती वही वाचता आली की पुढचं काम सरळ आहे.

लाईट दोनदा गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एवढंच ठेवलं आणि पंखा बंद केला. कॉपी संध्याकाळी पूर्ण झाली.

वही उघडायला गेलो तर उघडली नाही. बॅकअप एन्क्रिप्टेड आहे.

13 ऑक्टोबर, सोमवार

त्याला पासवर्ड आठवत नव्हता. तीन वर्षांपूर्वी एकदाच टाकलेला. फोन उघडायचा नंबर वेगळा, ॲपल आयडीचा पासवर्ड वेगळा, हा तिसराच. हा गेला तर ॲपलकडेही इलाज नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. बाजारात "कोणताही बॅकअप खोलून देतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादाला लागू नको म्हणालो. आयओएस 10.2 पासून हा पासवर्ड तपासताना संगणकाला तीच आकडेमोड एक कोटी वेळा करावी लागते. त्यामुळे अंदाजाने लाखो पासवर्ड घालून बघणं साध्या मशीनवर निभत नाही. आपणच टाकलेला शब्द आपणच आठवायचा, हा खात्रीचा रस्ता.

आई सोबत आली होती. काकू बराच वेळ गप्प बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, हा लहानपणापासून सगळीकडं वावराचा गट नंबर घालतो. सायकलच्या कुलपाला बी तोच होता."

मी खुर्ची त्याला दिली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याचा पासवर्ड मला माहीत असण्याचं कारण नाही. गावाचं नाव आणि गट नंबर उलटसुलट घालत असावा. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, चाललंय."

पासवर्ड लावलेला बॅकअप डोक्याला ताप, असं लोकांना वाटतं. मी मात्र प्रत्येकाला तसाच घ्यायला सांगतो. आरोग्याच्या नोंदी, कॉलची यादी, साठवलेले पासवर्ड हे फक्त एन्क्रिप्टेड बॅकअपमध्येच येतं, आणि लॅपटॉप चोरीला गेला तरी घरची गोष्ट घरात राहते. पासवर्ड मात्र कागदावर लिहून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावा. ती पिशवी आपल्याकडे कुणी हरवत नाही.

14 ऑक्टोबर, मंगळवार

कुलूप काढायला एमव्हीटी वापरलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबने जुलै 2021 मध्ये खुलं केलेलं हे साधन. मी लिनक्सवर चालवतो. पासवर्ड दिला की ते बॅकअपची कुलूप काढलेली प्रत दुसऱ्या फोल्डरात लिहून देतं. नावं तीच चाळीस अक्षरी राहतात, पण आता वही वाचता येते.

डीबी ब्राउझर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात मॅनिफेस्ट उघडलं. फाइल्स नावाचा तक्ता, त्यात तीन रकाने कामाचे: फाइलआयडी, डोमेन आणि रिलेटिव्हपाथ. डोमेनच्या रकान्यावर कॅमेरारोल अशी गाळणी लावली आणि डीसीआयएममधले पत्ते समोर आले. एक ओळ बघितली की पुढचं कळतं. पत्ता 104ॲपल या फोल्डरातल्या आयएमजी क्रमांकाचा आणि शेजारी त्याचं लांब नाव. नावाची पहिली दोन अक्षरं म्हणजे 256 पैकी कुठल्या फोल्डरात जायचं ते. तिथली फाइल उचलायची, वेगळ्या जागी ठेवायची, जुनं नाव द्यायचं आणि मागे एचईआयसी जोडायचं. विंडोजला एचईआयसी उघडण्यासाठी एक जोडपट्टी टाकावी लागते, ती टाकली. फोटो उघडला.

कुठले फोटो हवेत? त्याला एवढंच आठवत होतं, 2021 ची हळद शिजवताना काढलेले. आमच्याकडे हळद निघते जानेवारीनंतर, त्यानंतर शिजवणं, वाळवणं, पॉलिश चालतं. फोटोंची स्वतंत्र वही असते, फोटोज डॉट एसक्यूलाइट. त्यात तारखा आहेत, पण सेकंदांत, आणि ते सेकंद 1 जानेवारी 2001 पासून मोजलेले. त्यात 97,83,07,200 मिळवले की नेहमीचे 1970 पासूनचे सेकंद होतात, आणि त्यावर आपले साडेपाच तास. फेब्रुवारी-मार्च 2021 एवढीच खिडकी ठेवली. बाकीच्या फोटोंकडे वळलोच नाही.

एका फोटोपाशी मुलगा थांबला. श्रद्धांजलीच्या बॅनरवर वडिलांचा हाच चेहरा होता, पण तो छातीपर्यंत कापलेला आणि रंग चढवलेला. फोनमध्ये फोटो कापला, रंग बदलला तरी मूळ फोटो जागेवरच राहतो. कापलेली प्रत म्यूटेशन्स नावाच्या वेगळ्या फोल्डरात जाते. इथे दोन्ही होते. मूळ फोटोत वडील हळदीच्या ढिगाजवळ उभे, धोतराला पिवळे हात पुसलेले, आणि डाव्या कडेला पाठमोऱ्या काकू, डोक्यावर घमेलं. कापलेल्या प्रतीतून त्याच गेल्या होत्या.

आजही सोबत आलेल्या काकू स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. "हे लुगडं मला हिंगोलीच्या मोंढ्यातून हळद घालून येताना घेतलं हुतं यायनी." मुलगा काही बोलला नाही. मी फोटोची साधी जेपीजी प्रत केली, एचईआयसीही जपून ठेवली. छापायला जेपीजी सोपी जाते, पण मूळ ते मूळ.

15 ऑक्टोबर, बुधवार

आज वेगळं काम. आजेगावकडच्या एका बचत गटाच्या सचिव ताई आल्या. गटाचा हिशेब त्या फोनवरच्या हिशेबाच्या ॲपमध्ये लिहीत. फोन पाण्यात गेला, दुरुस्तीवाल्याने हात टेकले. कागदी रजिस्टर आहे, पण मागच्या वर्षापासून कोरं. दरमहा 100 रुपयांची बचत, त्यातून आत दिलेली कर्जं, त्याचं व्याज. या नोंदी गेल्या तर बायकांत शब्दाला शब्द वाढतो आणि गट मोडतो.

नशिबाने त्यांच्या पुतण्याने जूनमध्ये फोन संगणकाला लावून मेमरीतलं सगळं ओढून ठेवलं होतं. फोन शाओमीचा. तिथे एमआययूआय, बॅकअप, ऑलबॅकअप अशा फोल्डरात तारखेच्या नावाने फोनने आपला आपणच घेतलेला बॅकअप असतो, आणि तो त्या ढिगात आपसूक आला होता. पुतण्याला त्याचा पत्ताही नव्हता.

अँड्रॉइडवर फोटो काढून घेणं सोपं, डीसीआयएम फोल्डर उघडाच असतो. अवघड आहे ॲपच्या आतला डेटा. पूर्वी संगणकावरून एडीबी बॅकअप घेता येई. अँड्रॉइड 12 पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपांचा डेटा त्यातून वगळला जातो. म्हणून फोनच्या कंपनीचा स्वतःचा बॅकअप मिळाला तर सोन्याहून पिवळं.

ॲपच्या नावाची बॅक फाइल साध्या संपादकात उघडली की वरच्या काही ओळी कंपनीच्या, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत अँड्रॉइड बॅकअप. वरच्या ओळी काढून टाकल्या. खाली उरला तो नेहमीचा अँड्रॉइड बॅकअप, म्हणजे दाबून भरलेली गाठोडी. ती सोडवायला छोटं साधन मिळतं. सुटल्यावर आत ॲप्स, मग ॲपचं नाव, मग डीबी हा फोल्डर, आणि त्यात हिशेबाची फाइल. तीही आयफोनच्या त्या वह्यांसारखी एसक्यूलाइटच. आयफोन काय नि अँड्रॉइड काय, शेवटी सगळे याच डब्यात भरतात.

तक्त्यात सभासदाचं नाव, रक्कम, जमा की नावे, आणि तारखेच्या जागी तेरा आकडी संख्या. हे 1970 पासूनचे मिलिसेकंद. हजाराने भागून तारखा केल्या आणि एक्सेलमध्ये मांडून दिल्या. ताईंनी बोट ठेवून पहिली पाच नावं वाचली आणि पदर सावरून बसल्या. "सर, व्याजाचा रकाना वेगळा काढता यील का?" येईल. उद्या देतो.

16 ऑक्टोबर, गुरुवार

कयाधूकाठचे एक मामा आले. सप्टेंबरच्या पुरात सोयाबीन गेलं, फोनही गेला. बुडालेल्या पिकाचे फोटो परत हवेत. ई-पीक पाहणीच्या ॲपमधून वर गेलेला फोटो सर्व्हरवर आहे आणि नोंद सातबाऱ्यावर दिसते, ती छापून दिली. स्वतः काढलेल्या फोटोंची संगणकावर प्रत कुठेच नाही. भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेले तेवढे उरले. व्हॉट्सॲप फोटो आवळतं आणि त्यातली जागेची व वेळेची नोंद काढून टाकतं. नावात तारीख राहते ती त्या फोनवर फोटो आल्याची. तरीही भाच्याकडून ते डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या म्हणालो, आणखी आवळले जाणार नाहीत. यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. मामांचा चेहरा दिवसभर समोरून हलला नाही.

17 ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

मुलगा काकूंना घेऊन परत आला, आवाजासाठी. व्हॉइस मेमोमध्ये कंपनीतल्या मीटिंगा होत्या, वडील नव्हते. मग व्हॉट्सॲप. वहीत डोमेनच्या रकान्यात व्हॉट्सॲपचं खातं असतं, आणि त्यात माध्यमांच्या फोल्डराखाली प्रत्येक माणसासाठी त्याच्या मोबाइल नंबरचा फोल्डर. मुलाला म्हणालो, वडिलांचा नंबर तूच टाइप कर. त्या नंबराच्याच ओळी पुढे आल्या. बाकी कुणाचंही काही उघडावं लागलं नाही. हे मला फार आवडतं. नीट शोधलं तर इतरांच्या वाटेला जाण्याची गरजच पडत नाही.

ओपस जातीच्या छोट्या छोट्या फायली. व्हीएलसीवर वाजतात. वडिलांना लिहिणं कंटाळवाणं वाटायचं, ते बोलूनच पाठवत. "मोटार जळाली रे, वायंडिंगला टाकली." "सोयाबीन ठेवावं का इकावं, भाव बघून सांग." "येताना तंबाकूची पुडी नको आणू, सोडली म्या." शेवटच्या वाक्याला मुलगा हसला. सोडली नव्हती म्हणे.

मग मला सुचलं, फोटोंच्या यादीत काही क्रमांक दोनदा आहेत. एकदा एचईआयसी, एकदा एमओव्ही. ते लाइव्ह फोटो. हे चालू असलं की बटण दाबण्याच्या आधीचे आणि नंतरचे दीडदीड सेकंद फोन चित्र आणि आवाजासकट ठेवतो. 2015 च्या आयफोन 6एसपासून ही सोय आहे आणि ती चालूच असते, वापरणाऱ्याच्या ध्यानात नसते. हळदीच्या ढिगाजवळच्या त्या फोटोचाही जोडीदार होता. चालवला. कढईच्या वाफेचा आवाज, कुणीतरी लांबून हाक मारतंय, वडील टोपी सरळ करतात आणि म्हणतात, "आता काढ."

तीन सेकंद. काकूंनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा.

19 ऑक्टोबर, रविवार

दुकान बंद, पण डोक्यात तेच. एक बॅकअप म्हणजे माणसाच्या कितीतरी वर्षांचं सगळं, एका फोल्डरात. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल आला होता. भीमा कोरेगाव प्रकरणात 2018 मध्ये अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या संगणकावर त्यांच्या आयफोन 6एसचे बॅकअप होते, आणि त्या बॅकअपमध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्या, असं त्या अहवालात म्हटलं आहे. फोन हातात नाही, संगणकात विसरून गेलेला बॅकअप आहे, आणि तो वर्षांनंतर एवढं सांगू शकतो. मी मंगळवारी वापरलेलं एमव्हीटी बनलं तेही अशाच तपासासाठी. त्याच साधनाने सेनगावात एका बाईला तिच्या नवऱ्याचा आवाज मिळाला, याचं मला समाधान आहे. पण जे फोल्डर वडिलांचा आवाज देतं, त्यातच मुलाचे मेसेज, त्याच्या बायकोचे, मित्रांचे, साहेबांचे मेसेज आहेत. त्यांनी मला परवानगी दिलेली नाही. म्हणून कुलूप काढलेली प्रत माझ्याकडे एक दिवसही जास्त राहता कामा नये.

आमच्या धंद्यात हे सर्रास पाळलं जात नाही, याचं वाईट वाटतं. लोक फोन टेबलावर ठेवून, लॉक सांगून बाजाराला निघून जातात. त्या विश्वासाची किंमत आम्ही ठेवली पाहिजे.

आज रात्री कुलूप काढलेला फोल्डर मुलासमोर पुसला आणि त्या जागेवर पुन्हा लिहून घेतलं. एन्क्रिप्टेड नक्कल त्याच्या हार्ड डिस्कवर, मूळ लॅपटॉपवर. निवडलेले फोटो, लाइव्ह फोटोंच्या जोड्या आणि आवाज एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर, तारखेप्रमाणे. नव्या फोनचा बॅकअपही लगेच घ्यायला लावला. क्रमांक वेगळा असल्याने तो जुन्याच्या शेजारी बसतो, अंगावर नाही. आयक्लाउड फोटोज बंद आहे हे आधी बघून घेतलं.

24 ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली, बाजार अजून सुस्त. सचिव ताई गटाची बैठक उरकून आल्या. एक्सेलचा कागद छापून नेला होता, प्रत्येकीच्या नावासमोर प्रत्येकीने अंगठा नाही तर सही केली. जूनपर्यंतचं सगळं जुळलं. त्यानंतरच्या नोंदी बॅकअपमध्ये नव्हत्याच, त्या बँकेच्या पासबुकावरून आणि बायकांच्या आठवणीतून बसवल्या. एका कर्जाच्या हप्त्यावरून थोडं वाजलं, पण पासबुकात तारीख निघाली. आता रजिस्टर पुन्हा पेनाने लिहायचं ठरलंय आणि ॲपचा बॅकअप महिन्याच्या बैठकीनंतर पुतण्या संगणकावर घेणार आहे. त्याला शनिवारी पाठवून द्या म्हणालो, कुठला फोल्डर उचलायचा ते दाखवून ठेवतो.